मुकादमची मान, मामाचा पाय

२ नोव्हेंबर

बोबिनबाईंना मामाचे आशीर्वाद.

तुझी आई म्हणते, पत्र कसलं लिहितोस, फोन कर. फोनवर तू 'हो मामा, हो मामा' म्हणतेस आणि फोन ठेवला की सगळं वाऱ्यावर सोडून देतेस, हे मला तू एवढीशी होतीस तेव्हापासून माहीत आहे. कागद तबेल्यातल्या खिळ्याला अडकवता येतो. वाच, अडकव, आणि मुकादमच्या तोंडापासून लांब अडकव. त्याला कागद आवडतो.

मी इथे तुझ्या आईकडे येऊन पडलो आणि शिलाई मशीन उचलून तू माझ्या तबेल्याजवळच्या खोलीवर राहायला गेलीस, हे उपकार मी विसरणार नाही. उभ्या जन्मात घोड्यावरून पडलो नाही आणि जळमट काढताना स्टुलावरून पडून पाय मोडून घेतला, हे तू तिथे कुणापाशी बोलली नाहीस तर उपकार दुप्पट होतील. मालकीणबाईंना मी 'पडलो' एवढंच सांगितलं आहे. कशावरून, ते त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

आता मुद्द्याचं. फेब्रुवारीच्या मध्यावर डॉक्टरीणबाई आपल्या घोडेस्वारीच्या शाळेतले सगळे घोडे तपासायला येणार. मुकादमची पाठ खोगीर पेलण्यासारखी नसेल तर मालकीणबाई त्याला एका हॉटेलवाल्याला देणार आहेत. हॉटेलच्या दारात त्याला उभा करायचा आणि पाहुण्यांनी शेजारी उभं राहून फोटो काढायचे. दुसऱ्यांचं काम बघत उभं राहण्यात त्याचा हातखंडा आहे, म्हणून तर त्याचं नाव मुकादम. पण दिवसभर फरशीवर उभा राहिला तर पायातून जाईल बिचारा. आणि तो गेला तर मी तरी परत येऊन काय करू? घोडे तिथे आणखीही आहेत. पण सकाळी मी खोकलो की खिंकाळणारा तो एकटाच.

दोष त्याचा नाही. शिकाऊ मंडळी लगामाला लोंबकळतात, तो तोंड वर करून सुटका करून घेतो. वर्षानुवर्षं असं चाललं की मान उलटी होते. खालच्या बाजूला स्नायू फुगतो, वर खड्डा पडतो, आणि मागे पाठ अशी खचते की जणू दोरीवर ओली चादर टाकली आहे. हे सगळं आपल्याला व्यायामाने भरून काढायचं आहे. औषध नाही, जादू नाही, रोजचं काम आहे.

सध्या त्याच्यावर कुणीही बसायचं नाही. गवत उंच जाळीत न ठेवता जमिनीवर टाक, म्हणजे मान खाली नेऊन खाईल. थोडं चालवून अंग गरम झालं की गाजर घे. त्याच्या नाकापाशी धर आणि हळूहळू बरगडीकडे ने. पाय न हलवता, मान वळवून, ताणून त्याने ते घ्यायला हवं. मग गाजर पुढच्या दोन पायांच्या मधून खाली धर. मालकीणबाई म्हणतील, एवढा खटाटोप कशाला, डोकं पट्ट्याने खाली बांधा. बांधायचं नाही! बांधून मान झुकते, भरत नाही. खाली जावंसं त्याला स्वतःला वाटलं पाहिजे.

तुझा मामा


९ नोव्हेंबर

मामा,

साष्टांग नमस्कार. हा अगदी शब्दशः समज, कारण काल मी तबेल्याच्या दारात पालथी पडले होते. पाणी सांडलं होतं, ते मुकादमने सांडलं होतं, आणि तो उभा राहून बघत होता.

गाजराचं सांगते. मी गाजर बरगडीकडे नेलं की तो मान वळवत नाही, अख्खा वळतो. मी गाजर घेऊन त्याच्याभोवती फिरतेय आणि तो माझ्याबरोबर फिरतोय, असं आमचं गरगर चाललं होतं. मालकीणबाई बघून गेल्या. म्हणाल्या, "नक्की कोण कुणाला शिकवतंय?" मग मी डोकं लढवलं. त्याला भिंतीला खेटून उभा केला. आता मागचा भाग फिरवायला जागाच नाही, मुकाट्याने मान वळवतो. पहिल्या दिवशी मान खांद्यापर्यंतच आली. माझ्याकडे असं बघितलं की जणू मी त्याच्या ताटातलं काढून घेतलंय.

आणि मामा, मी पडले शिंपीण. ज्याचं माप घेतलं नाही त्यावर माझा विश्वास नाही. खांद्याच्या उंचवट्यामागे पाठीवर मऊ तार दाबून बसवली आणि तो आकार खाकी कागदावर उतरवून घेतला. असाच एक आकार मानेचा. आमच्याकडे अर्धंच माप काढतात, बाकीचं अर्धं कापडाच्या घडीवर येतं, त्यामुळे काम झटक्यात झालं. खरं सांगू? बघून वाईट वाटलं. असल्या खांद्याचा कोट शिवायचा असता तर मी गिऱ्हाइकाला आतून कापूस भरायला सांगितलं असतं.

हॉटेलवाला येऊन गेला. चांगला माणूस आहे, तीच तर अडचण आहे. मुकादमला बघून म्हणाला, "किती शांत उभा राहतो हो!" मी म्हटलं, चावतो. मुकादमने त्याच वेळी जांभई दिली.

तू तुझे पायाचे व्यायाम करतोस ना? आईचा आवाज फोनवर जरा वेगळाच येतो.

बोबिन


१७ नोव्हेंबर

बोबिन,

भिंतीची युक्ती अफलातून! ती मला आजवर सुचली नाही, हे मी तुला सांगतोय ते कुणाला सांगू नकोस.

आता पुढचं. मैदानामागे चढ आहे, तिथे त्याला हाताशी धरून चालव. वर जाताना आणि उतरतानाही सावकाश. चढावर घोड्याला मागचे पाय पोटाखाली घ्यावेच लागतात आणि पाठ आपोआप वर येते. मग जमिनीवर लाकडी दांडे आडवे ठेवून त्यावरून चालव. खाली बघेल, पाय उचलेल, मान लांब करेल. त्यानंतर थोडं उलटं चालव, दोनचार पावलं, ओढाताण न करता. आणि शेवटी, खोगिराचा पट्टा आवळतो तिथून जरा मागे पोटाखाली बोटांनी हलकेच दाब. पाठ वर उचलेल. हलकेच म्हटलं आहे. गुदगुल्या करायच्या नाहीत. एक दिवस मधे विश्रांती, स्नायू कामाने तुटतो आणि विश्रांतीत भरतो.

माझं विचारशील तर मी माझे व्यायाम अगदी नेमाने करतो. व्यायाम शिकवणारी ती फिजिओ पोरगी चांगली आहे पण फार बोलते. "काका, अजून एकदा, काका, छान." मी काय शिंगरू आहे का? घोड्याला सांगताना मी इतकं गोड कधी बोललो नाही.

मामा

ता. क. पाकीट चिकटवताना वाचलं. साफ खोटं. दिवसभर खिडकीत बसून असतो आणि ती पोरगी आली की दोनदा पाय हलवतो. तिने जिना उतरला की पुन्हा खिडकी. कालपासून तर म्हणतोय, 'ताई, मी इथेच राहिलो तर तुला अडचण नाही ना?' मला अडचण नाही गं. पण हा असं बोलणारा माणूस नव्हे. — आई


२५ नोव्हेंबर

आई,

हे पत्र मामाला दाखवायचं नाही. भाजीच्या पिशवीत ठेव, तिथे तो कधी हात घालत नाही.

मुकादमवर जे चाललंय ते सगळं मी खाली लिहून देते: दांड्यांवरून चालणं, बाजूला ठेवलेल्या वस्तूसाठी अंग वळवणं, उलटं चालणं. तुझ्या भावाला व्यायाम म्हटलं की तो रुसतो. मुकादमही रुसायचा. मग मी त्याला व्यायाम म्हणून सांगणंच बंद केलं. गाजर दुसरीकडे असतं आणि वाट दांड्यांवरून जाते, एवढंच त्याला कळतं. बघ काही जमतंय का. त्या फिजिओबाईंना मात्र आधी विचार, हाडाचा मामला आहे.

पोटाखाली बोटं दाबायचा प्रयोग मामावर करू नकोस. मी मुकादमवर केला. गुदगुल्याच झाल्या असाव्यात, कारण त्याच्या लाथेने माझं ब्रशचं बास्केट आता तबेल्याच्या पत्र्यावर आहे.

बोबिन


६ डिसेंबर

चि. बोबिन,

फिजिओ पोरगी हसली आणि म्हणाली, "काकू, बिनधास्त करा. पण पाय उचलायचे व्यायाम त्यांना स्वतःच करायला लावा." ते तो खाटेवर बसून करतो, मी स्वयंपाकघराच्या दारातून बघते. पाय वर जाताना दिसतो, म्हणजे करतो आहे.

बाकीचं माझ्याकडे. पॅसेजमध्ये दोन झाडू, फरशी पुसायची काठी, पडद्याचा दांडा आणि तुझ्या बाबांची जुनी छत्री आडवी टाकून ठेवली आहे. खोलीतून कुठेही जायचं तर वाट तीच. पहिल्या दिवशी ओरडला, "ताई, हा काय पसारा!" मी म्हटलं, "माझं घर, माझा पसारा." मग कुबडी टेकत, पाय उचलून उचलून, मला शिव्या देत न्हाणीघरात गेला. आता शिव्या कमी झाल्या आहेत.

चहा मी समोर देतच नाही. खुर्चीच्या बाजूला, जरा मागे धरते. कंबर वळवल्याशिवाय कप मिळत नाही. एकदा उजवीकडून, एकदा डावीकडून. फ्रिजपासून टेबलापर्यंत त्याला उलटं चालवते, म्हणते, माझ्याकडे तोंड करून बोल, मला ऐकू येत नाही. शेजारीण साखर मागायला आली होती. तो उलटा चालत येतोय आणि मी समोर बिस्कीट धरून उभी. तिने साखर न घेताच दार ओढून घेतलं.

काल चहा पिता पिता म्हणाला, "ताई, का कोण जाणे, तुझ्या घरात मला सारखी मुकादमची आठवण येते."

मी पदर तोंडात धरून स्वयंपाकघरात पळाले.

आई


२२ डिसेंबर

मामा,

सोबत दोन खाकी कागद पाठवते आहे. आतली रेघ नोव्हेंबरातल्या मापाची आहे आणि बाहेरची परवाच्या. हाताने चाचपून बघ, मधे बोट जाईल एवढी जागा आहे. मानेवरचा खड्डा भरत आलाय. माझं कुठलंही गिऱ्हाईक माप वाढल्याचं सांगितलं की रडतं, आणि मी इथे तबेल्यात नाचले. तार हातात, टेप गळ्यात. मालकीणबाईंनी खिडकी लावून घेतली.

चढ तो आता स्वतःहून चढतो. दांड्यांवरून नाक जमिनीला लावून असा चालतो की जणू काहीतरी पडलंय आणि तो शोधतोय. मी इतकी खूश आहे की रात्रीचं जेवणही उभ्याने मुकादमजवळच उरकते.

एकच तक्रार आहे. त्याला लांब दोरीवर गोल फिरवायला घेतलं की डावीकडे लोण्यासारखा फिरतो, उजवीकडे म्हणशील तर दगड. मान बाहेर काढतो, खांदा माझ्या अंगावर टाकतो आणि बैलासारखा सरळ निघून जातो. लाड जास्त झाले असणार. दोन शब्द सुनावू का?

बोबिन


२ जानेवारी

बोबिन,

कागद मिळाले. तुझ्या आईने भिंतीला लावले आहेत. येणाऱ्याजाणाऱ्याला मी त्यावर बोट फिरवून दाखवतो. दूधवाल्याने विचारलं, "कुठल्या नदीचा नकाशा?"

पण ते उजवीकडचं डोक्यातून जात नाही. घोडा आळशी असू शकतो, लबाड असू शकतो, पण एकाच बाजूने आळशी कधी नसतो. इथेच घोडं पेंड खातंय. असं कर. स्टूल घे. त्याच्या मागे, लाथेच्या टप्प्याबाहेर ठेव, त्यावर उभी राहा आणि शेपटीकडून मानेकडे वरून बघ. काय दिसतं ते जसंच्या तसं लिही.

स्टुलावर सांभाळून. स्टुलांचा भरवसा नाही.

मामा


८ जानेवारी

मामा,

बघितलं. स्टुलावरून खाली उतरले आणि तिथेच बसून रडले.

डावी बाजू भरलेली आहे, गोल आहे, बघत राहावी अशी आहे. उजवी बाजू आहे तशीच आहे. नोव्हेंबरात होती तशी. वरून बघितलं तर एका बाजूला कापूस जास्त भरलेली उशी दिसते. मान डावीकडे किंचित वाकलेली. तो वळत नव्हता कारण त्याला वळताच येत नव्हतं, आणि मी त्याला दोन शब्द सुनावले होते. ते शब्द आता मला टोचताहेत.

कसं झालं ते सांगते. भिंतीला खेटून उभा करायचे ना, त्याची उजवी बाजू रोज भिंतीकडे. मी डावीकडे. गाजर डावीकडे. दांड्यांवर आणि चढावर चालवताना दोरी धरून मी डावीकडेच. आणि माप? तेही डावीकडचं. मामा, मी इतकी वर्षं कापड दुमडून कापते आहे. एक बाजू नीट आखली की दुसरी तशीच येणार, हे माझ्या हातातच बसलंय. मुकादम घडीवर कापलेला नाही हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

परीक्षेला महिना राहिला. हॉटेलवाल्याने काल टोपी आणली होती, गोंडे लावलेली, मुकादमच्या मापाची होते का बघायला. माझ्याकडेच दिली. म्हणाला, "तुम्ही शिवणकाम करता ना, कानांसाठी भोकं पाडून द्याल?" मी टोपी घेतली मामा. नाही म्हणायचं सुचलंच नाही. ती मशीनवर पडली आहे. माझी कात्री तिच्यावर चालत नाही.

तुझ्या भरवशाच्या घोड्याचं मी वाटोळं केलं. जे बोलायचं ते बोल.

बोबिन


१४ जानेवारी

माझ्या बोबिन,

पत्र वाचलं आणि तुला चांगली फैलावर घ्यायची म्हणून पेन उचललं. तेवढ्यात ती फिजिओ पोरगी आली. तिने आल्या आल्या मला दोन्ही पाय उघडे करून उभं राहायला सांगितलं आणि आळीपाळीने एकेका पायावर तोलायला लावलं. डाव्या पायावर मी खांबासारखा उभा. उजव्यावर गेलो आणि तुझ्या आईच्या अंगावर पडलो. मग पोरीने टेप काढून दोन्ही मांड्यांचं माप घेतलं. तू घेत नाहीस तसं, दोन्ही बाजूंचं.

डावा पाय पैलवानाचा झालाय. उजवा, मोडलेला, काठी.

पोरगी म्हणाली, "काका, तुम्ही व्यायाम चांगल्या पायाचा करत होतात?" माझी खाट भिंतीला लागून आहे. उजवी बाजू भिंतीकडे. दारातून तुझ्या आईला डावाच पाय दिसतो. तो वर जाताना दिसला की ती खूश, मी मोकळा. तुझी आई चिडून कपाळाला हात लावून बसली, आणि मी इतका हसलो की पोरीने मला पाणी दिलं. तुझं पत्र हातात होतं ना. मामा-भाचीने मिळून एका घोड्याची आणि एका माणसाची उजवी बाजू भिंतीला लावून ठेवली होती.

आता खरं सांगतो, कारण तूही सांगितलंस. माझं तुझ्यासारखं चुकून झालं नाही. डिसेंबरच्या सुरुवातीलाच मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की पाय चालेल, पण घोड्यावर बसायचं आता विसरा. हे मी तुझ्या आईलाही बोललो नव्हतो. त्याआधीपासून मला धास्ती होती, आणि ते ऐकल्यावर तर वाटलं, बसायचंच नाही तर कशासाठी हा पाय मजबूत करू? दुखतो, ऐकत नाही. चांगला पाय मात्र सांगितलेलं करतो. मग त्यालाच सांगत राहिलो. आपली माणसं आपण अशीच वागवतो, जो ऐकतो त्याच्याच डोक्यावर काम.

तुझी चूक म्हणशील तर ती माझीच. 'दोन्ही बाजूंनी कर' हे मी लिहिलं नाही. घास चावून गिळ, हे कुणी कुणाला लिहून पाठवतं का? पण लिहायला हवं होतं. भिंतीची युक्ती वाचून मी नुसता वा वा करत बसलो.

आता कर. गाजर आधी उजवीकडून, मग डावीकडून, शेवटी पुन्हा उजवीकडून. दोरी धरून तू उजवीकडून चाल, तुला अवघड वाटेल, त्यालाही वाटेल. दगड झाला तर ओढू नकोस, गोल मोठा कर. महिन्याचं काम आठवड्यात करायला जाऊ नकोस, नाहीतर उजवी बाजू दुखावेल आणि मग सगळंच बसलं. आणि खाकी कागदावर यापुढे दोन रेघा.

शेवटचं. परीक्षेत डॉक्टरीणबाई त्याच्यावर माणूस बसवून बघतात. मी बसू शकत नाही. लगामाला लोंबकळणारं दुसरं कुणी त्या पाठीवर मला नको आहे. तू बसायचं, त्याच्या दोन कानांमधून समोर बघायचं आणि लगाम सोडून दिल्यासारखा धरायचा.

मामा

ता. क. खाट मी स्वतः ओढून खोलीच्या मधोमध आणली आहे. आता बघू कुठला पाय लपवतो. — आई


२९ जानेवारी

मामा,

आज बसले. उतरले. मधलं काही आठवत नाही.

बोबिन


१६ फेब्रुवारी

मामा, आई,

दोघांना एकच पत्र, कारण दोनदा लिहायचं बळ नाही.

डॉक्टरीणबाई सकाळी आल्या. बुटक्या आहेत, आवाज मात्र मैदानभर. मुकादमच्या पाठीवरून त्यांनी अंगठा दाबत दाबत नेला, आधी डावीकडून. मग उजवीकडून. मुकादमने कान हलवला, बाकी काही नाही. "हं," त्या म्हणाल्या. मामा, या 'हं'चा अर्थ काय हे मी अजून ठरवतेच आहे.

तेवढ्यात हॉटेलवाला आला. टोपी मी त्याला तशीच परत दिली होती, भोकं न पाडता. ती हातात घेऊन तो मुकादमच्या उजव्या बाजूला, बरगडीपाशी उभा राहिला आणि मालकीणबाईंना म्हणाला, "मग संध्याकाळी गाडी पाठवू ना?" टोपीचे गोंडे भगवट लाल आहेत. आता मुकादमने महिनाभर काय बघितलं? उजव्या बरगडीपाशी काहीतरी लाल येतं आणि ते आपलं असतं! त्याने पाय जागचा हलवला नाही. मान खाली नेली, लांब केली, सावकाश उजवीकडे वळवली आणि टोपी हातातून काढून घेतली. चावून बघितली. मग आवडली नाही म्हणून हॉटेलवाल्याच्याच बुटावर टाकली.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "उजवीकडे मान छान वळते." आणि लिहून घेतलं.

मग मी बसले. तू सांगितलं होतंस तसं त्याच्या दोन कानांमधून समोर बघितलं, लगाम सोडून दिल्यासारखा धरला. खाली पाठ हलताना कळत होती मामा. नोव्हेंबरात तारेला लागलेली ती पाठ नव्हती, कुणीतरी खालून हात देतंय असं वाटत होतं. डावीकडे गोल, उजवीकडे गोल. उजवीकडे जरा मोठा झाला, पण गोलच झाला. मी रडत होते, पण ते खालून कुणाला दिसत नाही.

थांबल्यावर डॉक्टरीणबाई माझ्याभोवती एक फेरी मारून आल्या. "घोड्याची पाठ उत्तम आहे. हलके स्वार, रोज थोडं काम, हेच चालू ठेवा," असं मालकीणबाईंना म्हणाल्या. मग माझ्याकडे बोट करून म्हणाल्या, "पण हिची पाठ बघा, पार कमान झालीये. किती वर्षं मशीनवर वाकून बसते आहेस गं? हिलाही चढ चढवा."

मुकादम राहिला मामा. हॉटेलवाला जाताना मला म्हणाला, "खरं सांगू, टोपी त्याला शोभली नसतीच." म्हटलं ना, चांगला माणूस आहे.

आता तू ये. तू बसू नकोस. मी बसते, तू मैदानाच्या मधोमध उभा राहा आणि माझ्यावर ओरड. ओरडायला दोन्ही पाय लागतात, एवढं लक्षात ठेव.

बोबिन


२० फेब्रुवारी

बोबिन,

रविवारी पोचतो. जिना दोन्ही पायांनी उतरून दाखवला, आधी उजवा.

खोलीतलं स्टूल फोडून जाळून टाक.

मामा


५ मार्च

दोघांना आशीर्वाद.

तुमची पत्रं नाहीत, म्हणजे तुमचं बरं चाललंय. पत्र लिहायला तुम्हाला काहीतरी मोडावं लागतं. म्हणून आता मीच लिहिते.

बोबिन, तुझा मामा दादागिरी करत होता तरी घरात आवाज होता. आता सकाळी मी दोन कप चहा करते आणि एक सिंकमध्ये ओतते. तुझे बाबा गेले तेव्हाही असंच बरेच दिवस चाललं होतं. तो जाताना मी डोळ्यांतून पाणी काढलं नाही, म्हटलं जाऊ दे, त्याचं माणूस तिकडे चार पायांवर उभं आहे. पण त्याने इथेच राहिलो तर चालेल का विचारलं होतं ना, तेव्हा माझ्या मनात एकदम 'राहा' आलं होतं. पुढे झाडू मांडले ते माझे मलाच कळत होतं कशासाठी मांडतेय. तो चालायला लागला की जाणार. तरी मांडले.

परवा शेजारीण आली. यावेळी आत आली. पॅसेजमध्ये झाडू, काठी, दांडा, छत्री तसंच सगळं आडवं बघून म्हणाली, "अहो, भाऊ तर गेले ना तुमचे? मग हे अजून उचललं नाही?"

खरंच, उचललं नव्हतं. रोज त्यावरून पाय उचलून उचलून ये-जा करतेय मी. गुडघा दुखायचा माझा, तुम्हाला कधी सांगितलं नाही, तो आता दुखत नाही.

मी तिला म्हटलं, "राहू दे, मुद्दाम आहे." मग तिला चहा दिला. बाजूला, जरा मागे धरून दिला. तिने वळून घेतला आणि म्हणाली, "हे काय नवीन?"

"आमच्या घरची पद्धत आहे," मी म्हटलं. ती उद्यापासून रोज येणार आहे. एकदा उजवीकडून देईन, एकदा डावीकडून.

मुकादमला माझ्याकडून एक गाजर द्या.

आई